हैदराबादेत खाण्यासारखं काही उरलं नाही

काचीगुडा स्टेशनवर उतरताना मुकुंदरावांनी मनाशी पक्कं केलं होतं, की दोन दिवस या शहराबद्दल एकही चांगला शब्द बोलायचा नाही. फलाटाबाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातून उकळत्या चहाचा वास आला. मुकुंदरावांनी श्वास रोखून धरला आणि रस्ता ओलांडला. निश्चयाचा माणूस होता तो. फक्त श्वास फार वेळ रोखता येत नाही, एवढीच अडचण.

त्यांच्या पिशवीत एक अर्ज होता. आपसी बदलीचा. खाली दोन सह्यांची जागा होती. एका जागेवर त्यांची सही होती आणि दुसरी जागा एकनाथरावांसाठी कोरी होती. दुसरी सही घेऊन सोमवारी संध्याकाळच्या आत तो औरंगाबादच्या कचेरीत पोचला, की मुकुंदराव हैदराबादला परत आणि एकनाथराव औरंगाबादला. नाही पोचला, तर अशा अदलाबदलीच्या सवलतीची मुदत संपली.

आता मुळात मुकुंदराव औरंगाबादला गेले कसे, ते सांगायला हवं. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. जमीन वाटली, नद्या वाटल्या, खुर्च्या वाटल्या आणि मग कारकून वाटायला घेतले. जमाबंदीच्या कचेरीतले सतरा मराठी कारकून मुंबई राज्याच्या वाट्याला आले. सेवाज्येष्ठतेच्या यादीत मुकुंदराव सतरावे होते, एकनाथराव अठरावे. दोघं नोकरीला लागले एकाच दिवशी. पण त्या दिवशी मुकुंदरावांनी हजेरीबुकात आधी सही केली, कारण एकनाथराव समोरच्या हॉटेलात चहा संपवत होते. वक्तशीरपणाचं फळ माणसाला उशिरा का होईना मिळतं. मुकुंदरावांना ते सोळा वर्षांनी मिळालं.

मराठी माणूस मराठी मुलखात जातोय, यात दुःख कसलं, असं सगळे म्हणाले. मुकुंदरावही म्हणाले. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "तुमचं टिपण छान असेल हो, पण ते मराठीत लिहा." मुकुंदराव शाळेपासून उर्दूत शिकलेले, उर्दूत हिशेब मांडणारे, उर्दूत स्वप्नं पाहणारे. मराठी ते आईशी बोलत. चाळिसाव्या वर्षी ते बाराखडी गिरवायला बसले, तेव्हा त्यांच्या पत्नी सावित्रीबाई दार लावून घेत, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

तेही चाललं असतं. पण रोज संध्याकाळी पाच वाजता कचेरीतून निघाल्यावर त्यांचे पाय आपोआप डावीकडे वळत. हैदराबादेत डावीकडे इराण्याचं हॉटेल होतं. औरंगाबादेत डावीकडे भिंत होती. दोन वर्षं ते रोज त्या भिंतीपर्यंत जाऊन परत येत होते.

बरकतपुऱ्यात एकनाथरावांच्या दारात पोचले, तर तारामतीबाई हसतमुखाने पुढे आल्या. "या भावजी. तुमचीच वाट बघतोय."

हे खरं होतं. तारामतीबाईंचं माहेर परभणीकडचं. लग्न होऊन चौदा वर्षं झाली तरी हैदराबादेत त्या पाहुण्यासारख्याच राहत होत्या. आपसी बदलीबद्दल मुकुंदरावांचं पत्र आल्यापासून त्यांनी माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढून ठेवली होती, बांधायला सोपी पडावीत म्हणून.

"सही करतो रे बाबा," एकनाथराव म्हणाले. "नव्वद टक्के करतोच. पण मुकुंदा, जायच्या आधी एकदा सगळं खाऊन घेऊ. अठरा वर्षं या शहराचं खाल्लं, निरोप घ्यायला नक्को?"

मुकुंदरावांना धोका दिसला. निरोप घेता घेता एकनाथ पुन्हा शहराच्या प्रेमात पडला, तर उरलेले दहा टक्के नव्वदांना खाऊन टाकतील. म्हणजे प्रत्येक ठिकाणी बरोबर जायचं आणि प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायची. दुसरा मार्ग नव्हता.

सुरुवात स्टेशनाजवळच्या त्याच हॉटेलापासून झाली. संगमरवरी टेबल, दोन कप, बशीत उस्मानिया बिस्किटं. मुकुंदरावांनी बिस्किट चहात बुडवलं. बुडवताना मनात आपोआप दोन आकडे मोजले गेले. तिसऱ्याला ते तुटतं. तोंडात गेल्यावर आधी मीठ, मग साखर, मग वेलची, जशी ओळीने यायला पाहिजे तशी आली.

"कसं आहे?" एकनाथरावांनी विचारलं.

"लहान झालं," मुकुंदराव म्हणाले.

एकनाथरावांनी आपलं बिस्किट उजेडात धरून पाहिलं. "हौ यार. लहान झालंय खरं."

"आणि चहा नुसताच गोड. चहापत्तीचा पत्ता नाही." असं म्हणून मुकुंदरावांनी अर्धा कप तसाच ठेवला. मग बशी हाताने लांब सरकवली. एकनाथरावांना वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

दुपारी चिक्कडपल्लीला मिरची भजी. जाड हिरवी मिरची, पोटात चिंच आणि तिळाचं वाटण, वरून कांदा-लिंबू. मुकुंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाने आलं असं म्हणायची सोय होती, आणि तिखटाची तक्रार करायचीही.

"आता नुसतंच जाळतात," ते म्हणाले. "पूर्वी चिंचेचा हात किती सढळ होता."

"तुला आठवतं, आपण बारा खाल्ल्या होत्या?"

"त्या खाण्यासारख्या होत्या."

एकनाथराव गंभीर झाले. इतकी वर्षं रोज खाताना आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना वाईट वाटू लागलं. रविवारी सकाळी ते मुकुंदरावांना नामपल्लीला जौजी हलव्यासाठी घेऊन गेले. मोड आलेल्या गव्हाचं दूध, तूप, जायफळ. कढईपुढे तासन् तास उभं राहिल्याशिवाय जमत नाही असा काळसर, तुपकट तुकडा. मुकुंदरावांनी तो जिभेवर ठेवला आणि त्यांना सावित्रीबाईंच्या डोहाळ्यांचे दिवस आठवले, पहिल्या पगाराचा दिवस आठवला, वडील शेवटचे हैदराबादला आले होते तो दिवस आठवला. त्यांनी तुकडा गिळला.

"वनस्पती तूप," ते म्हणाले.

दुकानदाराने ऐकलं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. त्याने मुकुंदरावांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "साब कहाँ से आए?"

"औरंगाबाद," एकनाथरावांनी सांगितलं.

"हौ, बाहर के हैं," म्हातारा समजुतीने म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मुकुंदरावांना वाटलं, आत्ता याला सांगावं की मियाँ, तुमच्या वडिलांच्या हातचा हलवा मी खाल्लाय. पण पिशवीत अर्ज होता. परतीच्या वाटेवर एकनाथराव म्हणाले, "काल गौलीगुड्याला तू लुखमीत खिमा नाही, नुसता कांदा आहे म्हणालास, तेव्हाच मनातून उतरलं रे. औरंगाबादेत काय मिळतं?"

"नान-खलिया," मुकुंदराव म्हणाले. नान आणि मटणाचा रस्सा. ते त्यांनी दोन वर्षांत एकदाच खाल्लं होतं, तेही तोंड फिरवून.

"मग ठरलं. जेवण करून सही करतो. सातची गाडी आहे ना तुझी?"

जेवणं झाली. तारामतीबाईंनी दौत-टाक काढून ठेवला. पण एकनाथराव म्हणाले, सुपारी संपलीय, घेऊन येतो, आल्यावर सही. ते गेले. मुकुंदराव दौतीकडे बघत बसले. काम फत्ते झालं होतं. महिन्याभरात ते या शहरात राहायला येणार होते, रोज डावीकडे वळणार होते. पण काल गौलीगुड्याला लुखमीचा अर्धा तुकडा बशीत सोडून ते उठले होते, तो तुकडा काल रात्रभर त्यांच्या डोळ्यांपुढे होता. महिना म्हणजे तीस दिवस.

"वहिनी, पान खाऊन येतो," ते म्हणाले.

"पान हे आणतीलच की."

"मला कलकत्ता लागतं," मुकुंदराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी पान खाल्लं नव्हतं.

गौलीगुड्याच्या हॉटेलात दुपारची गर्दी नव्हती. मुकुंदराव कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले.

"क्या होना साब?"

"चार लुखमी. गरम लाओ."

चौकोनी, खुसखुशीत, कडा दाबून बंद केलेल्या लुखम्या आल्या. पहिलीचा कोपरा तोडला तशी खिम्याची वाफ निघाली. पुदिना, आलं, आणि नुसता खिमा. कांदा शोधावा लागत होता. मुकुंदरावांनी डोळे मिटले. पहिली संपली. दुसरी त्यांनी सावकाश खाल्ली, कडा शेवटी ठेवून, जसे ते नेहमी खायचे. तिसरी खाताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. तापातून उठलेला माणूस पहिला घोट पाणी पितो तेव्हा तसा आवाज करतो.

"चौथी खाणार आहेस का?" खांबामागून कुणीतरी विचारलं.

एकनाथराव होते. त्यांच्यापुढे रिकामी बशी होती.

मुकुंदरावांनी घास गिळला.

"तू सुपारी आणायला..."

"हौ. आणि तू?"

"पान."

"मिळालं?" एकनाथराव उठून समोर येऊन बसले आणि चौथी लुखमी त्यांनी मधोमध मोडली. "मी बघायला आलो होतो, खरंच नुसता कांदा आहे का. दोन खाल्ल्या. मला तर खिमा लागला. म्हटलं, आपली जीभच मेली असेल, मुकुंदाला कळतं ते आपल्याला कळत नाही. तेवढ्यात तू आलास. समोर आरसा लावलाय त्यांनी, भिंतीवर. तुझं तोंड दिसत होतं."

मुकुंदरावांनी समोर बघितलं. आरसा होता. त्यांची नजर आधी बशीत होती, मग डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांना तो दिसला नव्हता.

"बिस्किट?" एकनाथरावांनी विचारलं.

"तेवढंच आहे."

"हलवा?"

"अस्सल तूप." मग मुकुंदराव म्हणाले, "एकनाथा, मला परत यायचंय रे. दुसरं काही सुचलं नाही."

"ते दिसलं मला." एकनाथरावांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "अरे, तुला शिव्या देत मी इथं बसलो होतो, पण तुझं तोंड बघितलं आणि भ्यालो. दोन वर्षांत माणसाचं असं होतं? उद्या मी तिकडं गेलो, तर दोन वर्षांनी मी असाच येईन. कुणाला तरी असाच फसवीन."

चहा आला. दोघांनी तो प्यायला. सही आता होणार नव्हती.

"वहिनींना काय सांगणार?" मुकुंदरावांनी विचारलं.

"ते तू सांग."

"मी?"

"लुखमी कुणी खाल्ली?"

मुकुंदरावांना हे न्याय्य वाटलं. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. त्यांना एकदम हलकं वाटलं. आता वाईट बोलायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी आणखी दोन लुखम्या मागवल्या आणि मोठ्याने म्हणाले, "क्या लुखमी है मियाँ." वेटर म्हणाला, "कल बी यहीच थी साब." पुढचा तासभर ते दोघं गल्लीबोळ हिंडले, खुबानीचा मीठा खाल्ला, बदामाची जाळी नावाची मिठाई खाल्ली, आणि मुकुंदराव प्रत्येक दुकानात दोन दिवसांची साठलेली तारीफ करत सुटले. दुकानदारांना वाटलं, माणूस पहिल्यांदाच शहर बघतोय.

घरी तारामतीबाई दौतीपाशी बसल्या होत्या. एकनाथराव चपला काढण्यात फार वेळ लावू लागले. मुकुंदरावांनी सगळं सांगितलं, आरशासकट.

तारामतीबाईंनी ऐकून घेतलं. "दोन दिवस एवढं खोटं बोललात भावजी," त्या म्हणाल्या, "आणखी दोन तास निभलं नाही?"

मग त्यांनी दौतीला बूच लावलं. पितळेची भांडी एकेक करून उचलली आणि स्टुलावर चढून परत माळ्यावर ठेवू लागल्या. मुकुंदराव खालून भांडी देत होते. मोठं पातेलं वर जाताना त्यांनी विचारलं, "यंदा हुरडा निघाला का हो तिकडं?"

"निघाला असेल. पौष आहे."

"असेल म्हणजे? गोड आहे का?"

मुकुंदराव उत्तर द्यायला निघाले होते. फार गोड आहे वहिनी, असं म्हणणं सोपं होतं. पण त्या दोन्ही हातांत पातेलं धरून, वर न ठेवता, वाट बघत उभ्या होत्या.

"मी खाल्ला नाही," ते म्हणाले.

"गेल्या साली?"

"गेल्या सालीही नाही."

"दोन हिवाळे?" तारामतीबाईंना हे खरंच समजेना. "कुणी बोलावलं नाही?"

"बोलावलं. कचेरीतले सगळे गेले होते. मी नाही गेलो."

त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "कोवळं कणीस गोवरीच्या आरावर भाजायचं. तळहातावर चोळायचं, हात भाजतात. वर लसणाची चटणी. माझे वडील उभं राहून पहिली मूठ मला द्यायचे." पातेलं वर गेलं. "तुमची गाडी पहाटे परभणीवरून जाते ना? तिथं उतरा. एक दिवस उशिरा गेलात तर कुणी फाशी देत नाही. हुरडा खा, आणि कसा आहे ते मला लिहा. आणि खरं लिहा."

"माझं मराठी लिहिणं..."

"उर्दूत लिहा. हे वाचून दाखवतील. आता काय, हे इथंच आहेत."

सोमवारी उजाडता उजाडता, कानाला मफलर गुंडाळून, मुकुंदराव परभणीच्या फलाटावर उतरले. गाडी औरंगाबादकडे निघून गेली. थंडी अशी होती की दात वाजत होते. त्यांनी एका हमालाला गाठून विचारलं, "का हो, इथून रान किती लांब आहे?"

हमालाने आधी त्यांच्या कोटाकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"कुण्याही अंगानं चाला साहेब," तो म्हणाला, "रानच हाये."