गल्लीची गोधडी

आमच्या गल्लीत एकच घर उभं आहे, आणि ते माझं. गेल्या वर्षी डोंगरावरचा वणवा वाऱ्याबरोबर गावात घुसला, दुपारभरात अख्खी गल्ली खाऊन गेला, आणि माझ्या घराला मात्र नुसता धूर लागला. लोक म्हणाले, "मास्तर, नशीब काढलंत!" डोंबलाचं नशीब. सकाळी दार उघडावं तर समोर राखेचा माळ, आणि "काय मास्तर, उठलात का?" म्हणायला कुत्रंसुद्धा नाही.

मी शिंपी. दुकान घरातच, पुढच्या खोलीत. बायको वणव्याच्या बऱ्याच आधी गेली. मुलगी दुसऱ्या शहरात असते आणि तिची ठमी आता रांगायला लागली आहे. नातीला मी अजून फोनच्या काचेतूनच पाहिलंय. आणायची म्हटलं तर मुलीचं एकच पालुपद, "बाबा, जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं. ती घरं जळली, आता ते राखेत आहे. पोर जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालते. आधी घर तपासून घ्या. रिपोर्ट चांगला आला की त्याच रविवारी येते."

मी तापलो. म्हटलं, "मी इथेच जेवतो, इथेच झोपतो, मला काय धाड भरलीय?"

"तुम्ही रांगत नाही, बाबा."

मी फोन ठेवला आणि बादली भरायला घेतली.

मग लागलो कामाला. घर तपासायला बोलावलेल्या सरकारी बाईंनी सांगून ठेवलं होतं, झाडू हातात धरायचा नाही, धूळ उडते, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. पडदे टाकले, गादी टाकली, पायपुसणी टाकली. जमीन घासून घासून हातांची सालटं निघाली. एवढं करून एका गोष्टीला मात्र हात लावला नाही, ती म्हणजे दुकानाच्या फळीवरचे कपडे.

ते गल्लीचे कपडे. कुणी उसवायला टाकलेले, कुणी आखूड करायला. घरं गेली, माणसं पांगली, कपडे माझ्याकडेच राहिले. सगळ्यांना फोन केले. शेजारच्या नानी म्हणाल्या, "कपडे कसले घेऊन बसलात मास्तर, ठेवायला कपाट तरी राहिलंय का?" बाकीच्यांनी फोनच उचलला नाही. शेवटी म्हटलं, पडून कुजण्यापेक्षा ठमीला गोधडी होईल.

नानींचं निळं फुलाफुलांचं कापड मधे घेतलं. भोवती पाववाल्याची पट्ट्यापट्ट्यांची विजार, पोस्टमनच्या शर्टाच्या बाह्या, समोरच्या भांडकुदळ वकिलाच्या कोटाचं अस्तर. कपडे झटकले, पण धुतले नाहीत, मुद्दामच. पाववाल्याच्या विजारीला धुराच्या वासाखाली अजून पिठाचा वास यायचा. खोटं कशाला सांगू, संध्याकाळी ती गोधडी मांडीवर घेऊन बसलो की माणसांत बसल्यासारखं वाटायचं. वकिलाशी तर मी दोन-चारदा भांडलोसुद्धा.

शुक्रवारी बाई रिपोर्ट घेऊन आल्या. जमीन स्वच्छ, खिडक्या स्वच्छ. मी हरखून गेलो. मुलीला फोन लावणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा काका, इथे राहणाऱ्यांचं रक्तही बघतो आम्ही." बोटाला सुई टोचली, थेंब त्यांच्या यंत्रात घातला. आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घर स्वच्छ आणि तुमच्या रक्तात एवढं शिसं? काय खाता तुम्ही?"

"खातो काय, भातावर दिवस काढतोय," असं म्हणून मी गोधडीची कड शिवायला घेतली. घाबरलो की माझे हात शिवायला लागतात. टाचण्या ओठांत धरल्या, दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं, ओवलं, टाका घालून दातानं तोडलं.

बाई बघतच राहिल्या. "दोरा तोंडात घालता?"

"मग काय नाकात घालू? सगळे शिंपी असंच करतात."

त्यांनी पिशवीतून शिसं लागलं की लाल होणारा एक ओला बोळा काढला आणि नानींच्या फुलांवरून फिरवला. बोळा लाल झाला. पाववाल्याच्या पट्ट्यांवर दुसरा फिरवला, तोही लाल.

"राख कापडात मुरलीय, काका. सुई या कापडातून जाते, दोरा यातून जातो, आणि सगळं तुमच्या तोंडात. ही फेकावी लागेल, आणि फळीवरचे राहिलेले कपडेही. धुऊन भरवसा नाही. पुढची खोली पुन्हा पुसायची, पुन्हा तपासायची. तोवर लहान मुलाला इथे आणू नका."

मी गोधडीची घडी केली. घडी नीटच केली, कड कडेला जुळवून. बाईंनी जाड पिशवीत घालून तोंड बांधलं. पाववाला गेला, नानी गेल्या, वकीलही गेला. दुसऱ्यांदा गेले सगळे. बाई गेल्यावर मी मोठ्यानं रडलो. ऐकायला होतंच कोण?

हातात रिपोर्ट होता आणि त्यावर स्वच्छ असंच लिहिलं होतं. बोळ्याचा त्यात उल्लेख नव्हता. मनात आलं, गोधडी तर गेली, आता कुणाला काय कळतंय? तेवढ्यात मुलीचाच फोन आला. "बाबा, बॅग भरून तयार आहे! काय म्हणतो रिपोर्ट?" मागे ठमी बडबडत होती.

म्हटलं, "येऊ नकोस."

"अजून रागावलात?"

"राग नाही गं बाई." आणि सगळं सांगितलं, गोधडीचं, दोऱ्याचं, माझ्या रक्ताचं.

ती म्हणाली, "मी एकटी येते. ठमीला तिच्या बाबाजवळ ठेवते."

वर्षभर मला हेच हवं होतं. कुणीतरी यावं, चहा टाकावा, मला रागवावं. तोंडापर्यंत 'ये' आलं होतं.

"नको. परत गेल्यावर तू त्याच कपड्यांनी तिला कडेवर घेशील. घर पुन्हा तपासून होऊ दे. तिला जरा दाखव."

मुलीनं फोन वळवला. दोन दात, कपाळावर बटा. ठमीनं माझ्याकडे बघितलं, हसली, आणि दोन्ही हातांनी फोन धरून सरळ तोंडात घातला. पडद्यावर अंधार झाला. नुसता तिचा श्वास ऐकू यायला लागला.

"थांबा बाबा, काढते. लाळेनं भरलाय."

"राहू दे," मी म्हटलं. "असू दे तसाच."