सातवी खुर्ची

राष्ट्रीय निवडणुकीच्या प्रचारखर्चावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात सहा सभासद होते: तीन सत्ताधाऱ्यांचे, तीन विरोधकांचे. या समतोलाची फलश्रुती अशी, की प्रकरण कुणाचेही असो, मते समसमान पडत आणि आरोपी निर्णयाअभावी सुटत. दोन्ही पक्षांना ही व्यवस्था इतकी मानवली होती, की तिच्याविरुद्ध ते एकजुटीने भाषणे करीत.

अखेर सुधारणा झाली. सातवा, निष्पक्ष सभासद नेमायचा. मात्र साही जणांच्या संमतीने. कोणत्याच नावावर एकमत होईना, तेव्हा मंडळाच्या तपासनीस बाईंनी आपल्या निवृत्त प्राध्यापकांचे नाव सुचवले. ते सर्वांनी हसतमुखाने मान्य केले. त्या हसण्याकडे बाईंनी दुर्लक्ष केले, कारण त्यांना घाई होती. एका खाणमालकाने धर्मादाय संस्थेच्या आडून सत्ताधारी उमेदवाराचा प्रचार चालवला, हे त्यांनी कित्येक वर्षे खपून सिद्ध केले होते. खटला भरण्याची मुदत आता संपत आली होती.

"सर, तुमचं एक मत हवंय. बास."

"अगं, पुरावा बघितल्याशिवाय कसं बोलू? मीच शिकवलंय ना तुला?"

"बघा की! दोन कपाटं भरून आहे. चष्म्याचा नंबर वाढेल तेवढा."

सरांनी खरोखरच सारे वाचले. बैठकीत मते नेहमीप्रमाणे समसमान पडल्यावर ते उठले आणि पुरावा निर्विवाद असल्याचे म्हणाले. बाईंनी निर्णय लिहून घ्यायला पेन उघडले. मग सर म्हणाले, की पहिल्याच बैठकीत एका बाजूला झुकल्यास या पदाच्या निष्पक्षतेला तडा जाईल. सबब ते तटस्थ राहतील. सत्ताधारी सभासदाने त्यांच्या विवेकाची प्रशंसा केली. आपलेही एक प्रकरण रांगेत असल्याचे स्मरून विरोधी सभासदाने तिला अनुमोदन दिले.

बाहेर, लिफ्टपाशी, सर म्हणाले, "रागावलीस? पुढच्या वेळी बघ तू."

"पुढचं प्रकरण विरोधकांचं आहे, सर. आज यांना सोडलंत, मग त्यांना कसं धराल?"

सरांनी लिफ्टचे बटण पुन्हा दाबले.

"तुम्ही वर्गात कधी कुणाला नापास केलं नाहीत. आम्हाला तो मोठेपणा वाटायचा. तुमचं नाव मीच दिलं, सर."

लिफ्ट आली. बाईंनी सवयीने सरांसाठी दार धरून ठेवले, आणि स्वतः जिन्याने उतरल्या.