यंत्राची आठवण

काचेचा शेवटचा तुकडा ओदीलच्या तळहातावर होता. काळा, नखाएवढा. अटलांटिकच्या तळाशी लाव्हा थंड पाण्याला भिडून गोठला, त्याची ही काच. पृथ्वीच्या पोटातला वायू तिच्या बुडबुड्यांत अडकलेला. जहाजावर वर ओढले तेव्हा हे दगड लाह्यांसारखे तडतडले होते, आणि तिचा नवरा मार्सियाल त्यांच्याभोवती नाचला होता.

पुढे त्याने त्यातला झेनॉन वायू मोजला. हवेतल्यापेक्षा किंचित वेगळा निघाला, पृथ्वीच्या जन्माइतका जुना. नान्सी शहरातल्या त्याच्या प्रयोगशाळेत सगळे हसले. "नळी गळतेय! स्वतःचाच श्वास मोजलास की रे!" तो टोमणा उरात घेऊनच मार्सियाल गेला. तेव्हापासून त्याचं वायू मोजायचं यंत्र बंद होतं. आज संध्याकाळी ते भंगारात जाणार होतं.

"मादाम, एकच तुकडा आहे," तिएरी म्हणाला. प्रयोगशाळा आता त्याच्याकडे होती. "फोडला की संपला. हवाच निघाली तर?"

"तर घरी जाऊन सूप करीन. हसणाऱ्यांत तूही होतास ना?"

"पोरवय होतं, मादाम."

"बरं. आधी रिकामा घाव घाल."

हा तिथला रिवाज. दगड घालण्याआधी यंत्राच्या निर्वात पोकळीत नुसतं लोखंड लोखंडावर आपटायचं, आत काही नाही ना ते पाहायचं. जुना वायू निघून जावा म्हणून यंत्र आधीच चांगलं भाजून काढलं होतं.

ठक्क.

कागदावरची रेघ सपाट राहायला हवी होती. ती चढली.

तिएरीने झडपा तपासल्या. पुन्हा घाव. पुन्हा रेघ चढली, सावकाश, छाती भरून यावी तशी.

"आठवण आहे," तो पुटपुटला. भिंतींत मुरलेला वायू परत आला की ते लोक असंच म्हणत. "पण इतकं भाजल्यावर? इतक्या वर्षांनी?"

"आकडा सांग."

त्याने रेघेला पट्टी लावली. "मार्सियालचाच. अगदी तोच."

"हवा नाही?"

"नाही. नळी गळत असती, तर यंत्राला हवाच आठवली असती." त्याने झडप उघडायला हात घातला. "तुकडा घालू आता?"

"नको. मार्सियालचं सांगून झालं."

तिएरीने यंत्र बंद केलं. ओदीलने मूठ मिटली. हाताची ऊब लागली तशी आत काहीतरी बारीक तडतडलं. तिएरीने दचकून बंद यंत्राकडे पाहिलं.

तिने मूठ कानाशी नेली.