सरळ केलेला पत्रा

मिस्त्रीचा राग नाकावर आणि हात कायम तयार. गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. खांबावर आदळून नाक फुटलेली गाडी त्याच्या गॅरेजात शिरायची आणि आठवड्याने अशी बाहेर पडायची, की ती नेमकी कुठे आदळली होती हे मालकालाही शोधावं लागे. डेंट गेला म्हणजे अपघात झालाच नाही, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. गिऱ्हाइकांना ते पटायचं, आणि त्यालाही इतकं पटलं होतं की घरीही तो याच हिशेबाने वागे. ठोकल्याशिवाय जगात काही सरळ होत नाही, हे त्याचं दुसरं तत्त्व. त्याची चव बायकोने तीस वर्षं चाखली होती.

लेक नोकरीसाठी दूरदेशी गेली, तेव्हा जाण्याआधी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर बसवून गेली. टेबलावर पडदा, त्यावर कॅमेरा, डावीकडे एक छोटा स्पीकर, आणि खाली जमिनीवर तो पत्र्याचा उभा डबा. दर रविवारी चार वाजता तिने तिकडून बोलावं, यांनी इकडून बघावं, असं ठरलं होतं. दोन वर्षं सुरळीत चाललं. गेल्या तीन महिन्यांत मात्र नेटवर्कने घात केला. बोलता बोलता चित्र थिजायचं आणि लेक तोंड उघडं ठेवून तशीच थांबायची.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मिस्त्रीने डब्याच्या डोक्यावर एक ठोसा हाणला आणि चित्र परत आलं. झालं, तत्त्व सिद्ध झालं! पुढच्या रविवारी दोन ठोसे लागले, त्याच्या पुढच्या रविवारी चार, आणि मग लाथेनेही भागेना. मिस्त्रीने ठरवलं की लाइनच खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं. लाइनवाला आला, भिंतीपर्यंत सगळं ठीक आहे म्हणाला, आणि मिस्त्रीने त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की बिचाऱ्याचा पुढचा अर्धा दात फरशीवर पडला. त्यानंतर त्या कंपनीने या घरी माणूस पाठवणं बंद केलं.

बुधवारी लेकीचा साधा फोन आला. ती शांतपणे बोलली, आणि मिस्त्रीला तिच्या शांतपणाचीच भीती वाटायची. तीन महिने आईचं तोंड पाहिलेलं नाही, ती म्हणाली. दर रविवारी आई बाजारात तरी असते, झोपलेली तरी असते, नाहीतर चित्र तरी मरतं.

"या रविवारी चार वाजता आई माझ्यासमोर बसलेली दिसली नाही, तर सोमवारी मी विमानात बसते. आणि परत जाताना तिला घेऊन जाईन."

मिस्त्री कुणाच्या बापाला घाबरत नसे, पण या वाक्याने तो हबकला. बायको एकदा या घरातून गेली तर परत येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिच्यावाचून त्याला घर खायला उठायचं, हेही खरं होतं. तिला मात्र ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिच्या वाट्याला फक्त हात आला होता.

शनिवारी सकाळी त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला गाठून आणलं. चाळिशीचा, चष्मेवाला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने आधी भिंतीतली वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, ती व्यवस्थित चालली. मग वायर बदलून पाहिली. मग डबा टेबलावर आडवा घातला, झाकण काढलं आणि मागच्या बाजूच्या एका हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. हे नेटवर्क कार्ड, म्हणाला. वायर यात येते. कार्डाच्या कडेला एक बारीकसा दिवा होता, तो विझलेला होता. त्याने अंगठ्याने कार्ड दाबलं तेव्हा दिवा हिरवा झाला, आणि अंगठा काढला तसा विझला.

"कार्ड चांगलं आहे," तो म्हणाला. "डब्याचा मागचा कोपरा वाकलाय. त्यामुळे कार्ड खाचेतून उचललं जातं. या कोपऱ्याला नुसता धक्का लागला तरी लाइन जाणार. नवीन कार्ड टाकलं तरी तेच होईल." मग त्याने डबा फिरवून पाहिला. "पण हा पत्रा एवढा वाकला कशाने?"

विचारताना त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे बायको उभी होती, एका बाजूचे केस कानावरून पुढे ओढून घेतलेली.

ती नजर मिस्त्रीला झोंबली. त्याने माणसाची गचांडी धरली, त्याला भिंतीवर आपटलं, एकदा आणि पुन्हा एकदा. चष्मा खाली पडला, त्यावर मिस्त्रीचाच पाय पडला. माणसाच्या नाकातून रक्त आलं. बायको मध्ये पडायला आली, तर कोपराच्या एका फटक्याने ती दारावर जाऊन आदळली. माणसाने कशीबशी पिशवी उचलली आणि जिन्यात पोचल्यावर नाक दाबून वळला. कार्ड काढून सोनेरी कड खोडरबराने पुसा आणि घट्ट दाबून बसवा, तो म्हणाला. मार खाऊनही त्याने काम अर्धवट टाकलं नाही. "पत्रा सरळ करणं माझं काम नाही. ते तुमचं."

ते खरंच होतं. मिस्त्रीने गॅरेजातून लहान हातोडी आणि लोखंडी ठोकळा आणला आणि झाकण मांडीवर घेतलं. पत्रा वाचायची त्याची रीत होती: डोळे मिटायचे आणि तळहात हलके फिरवायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळतं. कुठल्या गाडीला खांब लागला, कुठल्या गाडीला माणूस, हे तो असं हात फिरवून सांगायचा आणि कधी चुकायचा नाही.

वरचे चार खड्डे त्याच्या मुठीचे होते, बोटांच्या गाठी वेगवेगळ्या लागत होत्या. मधला लांबट खड्डा बुटाचा. मग हात मागच्या कोपऱ्याकडे गेला आणि थांबला. तिथे एक गोल, उथळ, रुंद खड्डा होता. त्यात गाठी नव्हत्या, की टाच नव्हती. झाकणाच्या सांध्यात दोन लांब केस अडकलेले होते, एक काळा, एक पांढरा.

तीन महिन्यांपूर्वी जेवण गार आहे म्हणून त्याने तिला ढकललं होतं. वायरीत पाय अडकून पडली, असं तिने शेजारी सांगितलं, आणि ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलं. त्याच आठवड्यात चित्र पहिल्यांदा थिजलं होतं.

आणि त्याच आठवड्यापासून ती हाक मारली तरी ओ देईनाशी झाली होती. माज आला म्हणून त्याने त्याबद्दल तिला वेगळं बडवलं होतं.

तो उठला. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्या डाव्या बाजूला जाऊन त्याने हातोडी ठोकळ्यावर वाजवली. ती हलली नाही. पुन्हा वाजवली. ती भाजी चिरत राहिली. मग तो उजवीकडे गेला आणि वाजवली, तशी तिने दचकून दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि सुरी खाली पडली.

मिस्त्रीला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. काहीतरी बोलावं असंही वाटलं, पण त्या तोंडाला तशा बोलण्याची सवय नव्हती. तो परत येऊन बसला आणि पत्रा ठोकू लागला.

दुपार होईपर्यंत त्याने जीव ओतून काम केलं. झाकण आरशासारखं सपाट झालं. कोपरा पुन्हा कधी वाकू नये म्हणून आतून जाड लोखंडी पट्टी रिव्हेटने ठोकली. ते दोन केस त्याने फुंकरीने उडवून लावले आणि वरून रंगाचा हात मारला. कार्डाची कड खोडरबराने चकचकीत केली, कार्ड दाबून बसवलं, स्क्रू आवळला. दिवा हिरवागार लागला. तळहात फिरवून पाहिला, तर आता तिथे कधी काही आदळलंच नव्हतं. मिस्त्रीला हलकं वाटलं.

बायकोला त्याने बजावलं. केस पुढे ठेवायचे, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे करायची, आणि विचारलंच तर जिन्यावरून घसरले म्हणायचं. ती मान हलवत ऐकत होती. मग तिने खाली वाकून डब्याच्या त्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि ती आत गेली.

रविवारी चार वाजता लेक पडद्यावर आली. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसत होती. आई समोर होती, मिस्त्री शेजारी. लेकीने विचारलं, जेवलीस का? स्पीकर डावीकडे होता, आई नुसती हसली. मिस्त्री म्हणाला, जेवली की. लेकीने विचारलं, गुडघा कसा आहे? आई पुन्हा हसली. मिस्त्री म्हणाला, बरा आहे.

"बाबा, तुम्ही गप्प बसा," लेक म्हणाली. मग पडद्याच्या अगदी जवळ येऊन मोठ्याने बोलली. "आई, केस मागे घे."

हे आईला ऐकू गेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग डावी बाजू कॅमेऱ्याकडे करून केस मागे घेतले. कानाची पाळी मधोमध फाटून वेडीवाकडी जुळली होती.

"तुझ्या बापाने माझं डोकं या डब्यावर आपटलं," ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. "तीन महिने झाले. या कानाने आता ऐकू येत नाही. त्याने काल डबा नीट केला."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागातही त्याला एक गोष्ट आठवली: कोपऱ्याला धक्का लागला की लाइन जाते. त्याने मूठ वळली आणि सगळी ताकद लावून कोपऱ्यावर हाणली. कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. पुन्हा हाणली. बोटांच्या गाठी फुटल्या, नव्या रंगावर रक्त लागलं. मग लाथ घातली, दुसरी घातली. वायर उपटायची साधी अक्कल त्याला सुचली नाही, कारण त्या हातांना ठोकण्यापलीकडे काही माहीतच नव्हतं. आणि पत्रा काही वाकेना. काम मिस्त्रीचं होतं, चोख झालं होतं.

मग तो बायकोकडे वळला. तिचे केस मुठीत धरले, दुसरा हात उगारला.

"बाबा," स्पीकरमधून आवाज आला. "दिसतंय मला."

हात वरच राहिला. एरवी या क्षणी चित्र थिजलेलं असायचं आणि मिस्त्री मोकळा असायचा. त्याने पडद्याकडे पाहिलं. लेक हलत होती, श्वास घेत होती, डोळे पुसत होती, आणि एकटक बघत होती. त्याची मूठ सुटली.

"आई, बॅग भर," लेक ओरडून म्हणाली. "मावशीकडे जा. मी उद्या निघते. तू दाराबाहेर पडेपर्यंत मी इथून हलणार नाही."

बायको आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खण ओढल्याचा. मिस्त्री रक्ताळलेला हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिला. लेक त्याच्याकडे बघत होती आणि तो जमिनीकडे. बायकोला बॅग भरायला वीस मिनिटं लागली. मग ती त्याच्या समोरून बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. तेवढ्या वेळात चित्र एकदाही थांबलं नाही.