कपभर दुधातून

दवाखान्याच्या बाकावर तिचा जीव टांगणीला लागला होता. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. शेजारी सासरे नातीला मांडीवर घेऊन निवांत बसले होते, आणि त्या निवांतपणानेच तिचं डोकं फिरत होतं. नात तीन वर्षांची. भिंतीचा पोपडा दिसला की कुरतडायची, म्हणून घरात तिचं नाव खारू. आत्ताही तिची नजर बाकामागच्या भिंतीवरच होती.

मागच्या तपासणीत खारूच्या रक्तातलं लोह तळाला गेलेलं निघालं आणि प्लेटलेट मात्र भलत्याच वाढलेल्या. लोह कमी पडलं की मुलांमध्ये असं होतं, लोहाचे थेंब सुरू करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण आईचं समाधान एवढ्यावर होतंय थोडंच. तिने मोबाइलवर नको नको ते वाचलं आणि झोपेचं खोबरं करून घेतलं. आज दुसरा रिपोर्ट आला होता. आकडे जागचे हलले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. "औषध रोज पोटात जातंय ना? असंच राहिलं तर मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल. हाडातला मगज तपासतील."

तिच्या पायांखालची जमीन सरकली. दिवसभर ती कुरिअरच्या काउंटरवर, औषध पाजायचं काम सासऱ्यांचं. सगळा राग त्यांच्यावर निघाला. "बाबा, खरं सांगा. विसरता ना तुम्ही?"

सासरे शिंपी. उभ्या जन्मात कुणाची बाही सूतभर चुकवली नव्हती. "एक दिवस चुकलो नाही गं," ते म्हणाले. "मोजून घेतो, कपभर दुधात घालतो, आणि कप चाटूनपुसून रिकामा करून घेतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दुधात?"

"नाहीतर थुंकते ना हो."

"आजोबा, दूध लोह अंगाला लागूच देत नाही. औषध आलं तसं गेलं. उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. दूध नंतर, तेही कमी. मोठं रुग्णालय तूर्त राहू दे, महिन्याने पुन्हा रक्त बघू." मग जरा कडक आवाजात, "दुधातून द्यायला सांगितलं कुणी?"

सासऱ्यांनी खारूच्या फ्रॉकची बाही सारखी केली. "माझंच डोकं," ते म्हणाले.

आणि तिला आठवलं. पहिली सकाळ, एक पाय चपलेत, कामावरच्या कुडत्यावर खारूने थुंकलेले काळपट थेंब. 'बाबा, सरळ दुधात घालून द्या, आणि कपात घोटभरही उरता कामा नये.' म्हातारा महिनाभर तेच इमानेइतबारे करत होता, आणि आज ती त्याच्यावरच डाफरली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांनी नाही, मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते माझं ऐकत होते."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खारूच्या तोंडातला पोपडा त्यांनी बोटाने काढला, रुमालाला पुसला.

"लिंबू किती पिळायचं," ते सुनेला म्हणाले, "तेवढं सांगून ठेव."