वीस ग्रॅम

ओवादियाने आपलं पितळी वजन डाव्या पारड्यात ठेवलं आणि पिन्हासचं लोखंडी वजन उजव्या. दोन्हींवर अर्धा किलो कोरलेलं होतं. डावं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

पिन्हासच्या दुकानाच्या दारात रेशनच्या साखरेसाठी रांग लागली होती. बायका बोलायच्या थांबल्या.

"पुन्हा लाव," पिन्हास म्हणाला.

"तीनदा लावलं."

ओवादियाने लोखंडी वजन उलटं केलं. बुडाच्या भोकातलं शिसं कोरून काढलेलं, वर मेण थापून काळं फासलेलं. वीस ग्रॅम कमी. इंग्रजांच्या वेळेपासून तो जेरुसलेमच्या या बाजारात वजनं तपासत होता. शिसं कधीकधी आपोआप गळून पडतं. मेण आपोआप लागत नाही.

पण हा पिन्हास होता. प्रार्थनागृहात त्याच्या शेजारी बसणारा. ओवादियाची बायको दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा रोज सूप घेऊन दारात उभा राहणारा.

"आत ये जरा." मागच्या खोलीत पिन्हासने फळीवरच्या कागदी पुड्या दाखवल्या. "आईशपथ, घरी नेत नाही मी. बगदादहून आलेली ती हबीबा, निर्वासितांच्या छावणीत तंबूत राहते. दोन पोरं. रेशनकार्ड नाही. तिला देतो दर आठवड्याला. प्रत्येकाला चिमूटभर कमी गेलं तर कोण मरतंय? त्सेदाका आहे ही, ओवादिया!"

लोक दानाला त्सेदाका म्हणत. पण तो शब्द फुटला होता त्सेदेकमधून, आणि त्सेदेक म्हणजे न्याय. धर्मग्रंथात खऱ्या तराजूलाही त्सेदेकचा तराजूच म्हटलेलं.

"दान आपल्या ताटातलं करतात रे," ओवादिया म्हणाला. "बाहेर म्हातारी रेइना उभी आहे. तिच्या हातचं काढून, तिला न विचारता, तू दुसरीला देतोस. त्सेदेक कुठंय ह्यात?"

"मग लाव दुकानाला सील! आणि जा, त्या पोरांना तूच सांग."

ओवादियाने दुकानाला सील लावलं. पिन्हासने अडवलं नाही. "मेला चोर! आणि बोलणं किती गोड!" रेइना ओरडली. कुणी तरी दारावर थुंकलं. पिन्हास मान खाली घालून ॲप्रनची गाठ सोडत राहिला.

दुपारी ओवादिया छावणीत गेला. हबीबा कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तंबूत जाऊन अर्धी उरलेली पुडी आणली आणि त्याच्या हातात ठेवली.

"हे परत द्या. तो म्हणाला होता, त्याच्या वाटणीचं आहे."

"अहो, पण पोरं..."

"पोरांना साखर नको, असं म्हटलं का मी? मला माझं कार्ड पाहिजे. चार महिने झाले. आल्या दिवशी त्यांनी नाव चुकीचं लिहिलं, आता कागद जुळत नाहीत म्हणतात. खिडकीशी गेलं की 'उद्या या, मावशी.' मला कुणाची दया नको हो, दादा. माझं आहे ते द्या."

ओवादियाने पुडी खिशात ठेवली आणि कचेरी कधी उघडते ते विचारून घेतलं.

शनिवारी प्रार्थनेच्या वेळी पिन्हास आला, पण मागच्या ओळीत जाऊन बसला. ओवादियाच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी ओवादिया रजा टाकून हबीबासोबत रेशन कचेरीच्या रांगेत उभा राहिला. तीन तासांनी खिडकी आली.

"तुम्ही कोण हिचे? भाऊ?" कारकुनाने विचारलं.

"कोणी नाही. बाजारात वजनं तपासतो."

"इथं काय तोलायचंय? उद्या या." त्याने खिडकीची फळी खाली ओढली.

ओवादियाने चौकटीवर हात ठेवला. फळी बोटांवर आदळली. कळ मस्तकात गेली, तरी त्याने हात काढला नाही.

"अहो, हात काढा!"

"तिचं नाव लिहा. मग काढतो."

मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले. कारकुनाने एकदा सुजत चाललेल्या बोटांकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग फळी वर केली आणि कोरा फॉर्म ओढला.

"नाव?"

ओवादियाने तोंड उघडलं आणि मिटलं. तो बाजूला सरला. हबीबा पुढे झाली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि एकेक अक्षर सुटं करून सांगू लागली. तिसऱ्या अक्षरावर तिने खिडकीच्या कठड्यावर बोट टेकवलं.

"हे चुकलं. खोडा."

कारकुनाने खोडलं.

"आता पहिल्यापासून लिहा," ती म्हणाली.