हाम्बोर्नला एकदाच

चारुलताला जर्मन शिकवलं ते बिर्गिटने. अठ्ठ्याण्णव साली तिच्या नवऱ्याला, शिरीषला, जर्मनीत नेकारसुल्मला नोकरी लागली, मागोमाग चारुलता पुण्याहून आली आणि तिसऱ्याच आठवड्यात संध्याकाळच्या भाषावर्गात जाऊन बसली. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा पूर्वेकडचा आणि बोलणं मात्र ठार तिथलं, श्वाबी बोलीतलं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "मी कोरियन दिसते, पण कोरियनचा एक शब्द मला येत नाही. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगते." सगळा वर्ग हसला.

दोघींचं जमलं ते तेव्हापासून. दोन वर्षांनी मैत्रेयीच्या वेळी चारुलताला कळा सुरू झाल्या तेव्हा शिरीष कामासाठी परदेशी होता आणि आईचा व्हिसा अडकलेला. बाळंतपणाच्या खोलीत तेरा तास तिचा हात धरून बसली ती बिर्गिट. मैत्रेयीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला अकराव्या दिवशी दिलं." बाकीचं पुढे हळूहळू कळत गेलं. बहात्तर साली कोरियातून तीन वर्षांच्या करारावर आलेली एक नर्स, लग्न झालेलं नाही, पोटी मूल. केर्न नवराबायकोंनी ते मूल घेतलं आणि बिर्गिट नाव ठेवलं.

केर्नबाई होत्या तोवर बिर्गिटने आपली फाइल मागितली नाही. जिने वाढवलं तिच्या घासात खडा कशाला टाकायचा, असं ती म्हणायची. त्या दोन हजार चारला गेल्या आणि मग बिर्गिटने युगेंडआम्टला, म्हणजे बालकल्याण कचेरीला, अर्ज केला. फाइलीत आईचं नाव होतं, युन सुन-ओक. बापाचा रकाना कोरा. बाई कोरियाला परत गेलीच नव्हती. चारेक तासांवर, डुइसबुर्गच्या हाम्बोर्न भागात राहत होती.

कचेरीमार्फत पत्र गेलं. सात महिन्यांनी, दोन हजार सहाच्या एप्रिलात, बिर्गिटच्या मोबाइलवर फोन आला. "मी सुन-ओक. घरी कुणाला माहीत नाही. ऑक्टोबरात नवरा कोरियाला जाणार आहे, तेव्हा ये, सगळं सांगेन. तोवर पत्र नको." बिर्गिटने ती वाक्यं इतक्यांदा सांगितली की चारुलताला ती पाठ झाली.

ऑक्टोबर आला आणि गेला. नोव्हेंबरात त्याच नंबरवरून फोन आला, पण आवाज तरुण होता.

"आईच्या पर्समध्ये चिठ्ठी सापडली. त्यावर हा नंबर आणि नुसता 'ब'. आपण कोण?"

बिर्गिट गडबडली. "हॉस्पिटलातली ओळख आहे. त्यांच्या हाताखाली शिकले मी."

फोनवरची मुलगी मिना, सुन-ओकची लेक. तिने सांगितलं, सप्टेंबरात आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, उजवी बाजू गेली. "भेटायला या, माणसं आली की तिला बरं वाटतं. पण तिचं जर्मन गेलंय. चौतीस वर्षं बोलली ती भाषा, आता एक शब्द कळत नाही. फक्त कोरियन उरलंय."

त्या संध्याकाळी बिर्गिट चारुलताच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पुढ्यातला चहा निवून गेला.

"मिनाला खरं सांग," चारुलता म्हणाली. "सांगितल्याशिवाय विचारणार कसं?"

"तिने चौतीस वर्षं सांगितलं नाही. आता तिला बोलता येत नाही म्हणून मी सांगू? माझ्याबरोबर चल. आणि शब्द दे, काही झालं तरी कुणाला सांगणार नाहीस."

चारुलताने शब्द दिला. रात्री शिरीष म्हणाला, "अगं, दुसऱ्याच्या घरचं प्रकरण. तू कशाला मध्ये पडतेस?"

"मैत्रेयीच्या वेळी तिने हे विचारलं होतं का?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दोघी रेल्वेने निघाल्या. बिर्गिटने भेटवस्तू तीनदा बदलली होती, शेवटी एक लोकरी शाल घेतली. कुठल्याशा कॅसेटवरून तिने कोरियनचा एकच शब्द शिकून घेतला होता, ओमोनी. आई. मानहाइमपर्यंत ती तो पुटपुटत होती. मग थांबली. सुन-ओकच्या घरी तो शब्द उच्चारता येणार नव्हता, हे बहुधा तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

दार सुन-ओकच्या नवऱ्याने उघडलं. चांग नाव, पासष्टीचे गृहस्थ. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं, दर चार शब्दांनी खोकला. मिना केक आणायला खाली गेली होती. त्यांनी दोघींना सपाता दिल्या, आत नेलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत सुन-ओक बसली होती. चारुलताने तिच्याकडे पाहिलं, मग बिर्गिटकडे. तेच कान, तोच वर दुमडलेला ओठ. आंधळ्यालाही दिसलं असतं.

चांग समोर बसून नासपती सोलू लागले. सुन-ओक बिर्गिटकडे पाहत राहिली आणि मग बोलायला लागली. हळू आवाजात, न थांबता, नवऱ्याकडे वळून, पुन्हा बिर्गिटकडे बघून. एक शब्द परत परत येत होता, 'बे'. चांगांची सुरी थांबली. साल अर्धवट लोंबकळत राहिली.

"काय म्हणतात त्या?" बिर्गिटने विचारलं.

चांग खोकले. "म्हणते, थंडीत लांबून आलात."

चारुलताच्या घरी दोन भाषा रोज नांदत होत्या. मैत्रेयीचं जर्मन ती सासूबाईंना फोनवर मराठीत सांगायची, गैरसोयीचं गाळून. एवढ्या बोलण्याचं एवढंसं भाषांतर होत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"त्यांना विचारा," बिर्गिट म्हणाली, "मी आठवते का."

चांग दोन शब्द बोलले. सुन-ओकने डावा हात पुढे केला. बिर्गिटने तो घाईने धरला. म्हातारीने तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली, नखं पाहिली, आणि हात सोडून दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हल्ली ते कशानेही वाहतं, असं चांग म्हणाले. "तिला काही आठवत नाही," ते म्हणाले, आणि नासपतीच्या फोडी पुढे केल्या.

तेवढ्यात मिना आली. केक कापायला चारुलता तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली. मिनाने दार लोटून घेतलं.

"खरं सांगा, ही कोण आहे? एप्रिलात आई फोन घेऊन बाल्कनीत गेली होती. आणि हिचा चेहरा बघितलाय मी. खरं असेल तर सांगा, मी आईला आत्ता विचारते. मला कोरियन बोलायला नीट येत नाही, पण कळतं सगळं."

चारुलताच्या तोंडाशी आलं होतं. भिंतीपलीकडे चांगांचा खोकला ऐकू येत होता आणि बिर्गिटचा आवाज, शालीच्या रंगाबद्दल काहीतरी सांगणारा. तिला वाटलं, आपण कोण? शब्द दिलाय.

"हॉस्पिटलातली ओळख," ती म्हणाली. "मला एवढंच माहीत आहे."

मिनाने सुरी उचलली. "गेनाऊ," ती म्हणाली, बरोबर आहे, आणि केक कापू लागली.

तासाभराने दोघी निघाल्या. ट्रामच्या थांब्यावर पोचतात तोच मागून चांग आले, कोट न घालता, धापा टाकत.

"तुम्ही कोण ते मला कळलं," ते बिर्गिटला म्हणाले. "आजच कळलं. दुखण्यापासून ती मलाच आपली थोरली बहीण समजते. बहिणीला सांगत होती."

"काय सांगत होती?" बिर्गिटने त्यांची बाही धरली. "चांगसाहेब, काय सांगत होती?"

"एकतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला." त्यांना खोकल्याची उबळ आली. "मला आधी ते पचू दे. मग लिहीन. अक्षर न् अक्षर लिहीन."

ट्राम आली. ते वळून निघून गेले. माणूस वाईट नव्हता, खोटं बोलत होता असंही नाही. पण पत्र आलं नाही.

चारुलताच्या कानातून तो 'बे' जाईना. जानेवारीत स्टुटगार्टच्या कोरियन दुकानात तिने तिथल्या बाईला अर्थ विचारला. बाई म्हणाली, "नासपती. किंवा पोट. किंवा जहाज. वाक्य सांगा, मग कळेल." वाक्य कुठून आणायचं? कदाचित आजारी बाई नुसती फळ मागत असेल. चारुलताने बिर्गिटला हे सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी काळ्या कडेचं कार्ड आलं. दुसऱ्या झटक्यात सुन-ओक गेली होती. ओळखीच्या सगळ्यांना गेलं तसं ते बिर्गिटलाही आलं, अंत्यविधी उरकल्यावर. बिर्गिटने चांगांना तीन पत्रं लिहिली. उत्तर मिनाकडून आलं, की बाबा अस्थी घेऊन भावाकडे कोरियाला गेले, आता तिथेच राहतील. आईचा विषय काढला की उठून जातात. तुमची पत्रं न उघडता परत पाठवली आहेत.

चारुलतानेच मग आग्रह धरला. "आता लपवायचं कुणापासून? मिना तुझी बहीण आहे. फोन कर."

बिर्गिटने फोन केला. दुसऱ्या दिवशी ती आली ती दारातच उभी राहिली.

"मिनाने तुला विचारलं होतं? तिथे, स्वयंपाकघरात?"

"हो."

"ती म्हणाली, तेव्हा सांगितलं असतं तर मी आईला विचारलं असतं. तिने सांगितलं असतं. आता हे घेऊन मी काय करू, म्हणाली. आणि फोन ठेवला."

"मी तुला शब्द दिला होता, बिर्गिट."

"माहीत आहे. मीच घेतला होता." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर चारुलताला काहीतरी बोलता आलं असतं. "मग मला सांगितलं का नाहीस? परत येताना साडेचार तास गाडीत शेजारी बसली होतीस. पुढच्या स्टेशनवर उतरून मागे गेलो असतो."

त्या परतीच्या प्रवासात चारुलताने फक्त सँडविच पुढे केलं होतं आणि बिर्गिटने ते खाल्लं नव्हतं. "आत तरी ये," ती म्हणाली.

"वर्ग आहे," बिर्गिट म्हणाली. शनिवारी वर्ग नसायचे.

भांडण असं झालं नाही. बिर्गिट यायची थांबली, एवढंच. चारुलता फोन करायची, ती नीट बोलायची, म्हाताऱ्या वडिलांची, केर्नांची, तब्येत सांगायची, आणि लवकर ठेवायची. मिनाने नंबर बदलला. चांगांचा कोरियातला पत्ता कुणालाच मिळाला नाही. चारुलताने दोनदा कागद घेऊन मिनाला लिहायला सुरुवात केली, पण माफीच्या पुढे जर्मन सरेना.

दोन हजार आठला मैत्रेयीचा आठवा वाढदिवस झाला. बिर्गिटने पुस्तक पाठवलं, पोस्टाने. तिचं घर चालत वीस मिनिटांवर होतं.

"बिर्गिट का नाही आली?" मैत्रेयीने जर्मनमध्ये विचारलं.

"कामात असेल," चारुलता मराठीत म्हणाली, आणि पाकिटाचा कागद घडी घालून कचऱ्यात टाकला.